घरचा एक प्रश्न

“मी धरायची की रे विरू!... मीच! दुसरं कोण होतं?”

किनवटच्या मुलींच्या वसतिगृहात, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, दुसऱ्याचा फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट दाबत महानंदानं हे उत्तर दिलं, आणि तिला वाटलं, झालं, आता पलीकडे विरू हसेल, ‘अक्का, काय झालं गं, आवाज का असा?’ म्हणून विचारील, आणि सकाळपासून छातीवर बसलेला हा धोंडा एकदाचा बाजूला होईल... पण पलीकडून धरण फुटावं तसा भाऊ फुटला.

“चूक! साफ चूक! माझा हात माझ्या आईनं धरलाय, रोज रात्री, समजलं? सगळी माहिती काढलीस, एवढी एकच राहिली व्हय गं? माझ्या अक्काच्या नावावर पोट भरायला निघालीस! अगं, ती बाई देव आहे, देव! ह्या तोंडानं तिचं नाव परत घेतलंस तर पोलिसात देईन!”

फोन बंद झाला.

धाकट्या भावाच्या तोंडून स्वतःची एवढी स्तुती महानंदानं जन्मात ऐकली नव्हती. आणि ऐकायला मिळाली तीही चोर ठरून! वसतिगृहातल्या शिक्षिका लुंबिनी, ज्यांचा तो फोन होता, त्या काळजीनं पुढे आल्या.

“ताई, काय म्हणाले सर? खात्याचा नंबर दिला का?”

महानंदानं ‘नाही’ म्हणून मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण ते खात्याचा नंबर मिळाला नाही म्हणून नव्हतं, की भावानं चोर म्हटलं म्हणूनही नव्हतं... ‘माझा हात माझ्या आईनं धरलाय...’ तीस वर्षं! तीस वर्षं तो असं समजून होता आणि तिला याचा पत्ताही नव्हता!

आता हा विरू, म्हणजे विरूपाक्ष गुरुपादप्पा, लातुरात फिजिक्सचा क्लास चालवतो. चार-चार जिल्ह्यांतली पोरं त्याच्याकडे डॉक्टर व्हायला येतात, आणि न्यूटनच्या आधी दहा मिनिटं फोनवरच्या भामट्यांवर व्याख्यान ऐकतात. घरात तर त्यानं असा कडक कारभार लावला होता की, गॅसवाला दारात सिलेंडर घेऊन उभा, फोनवर आलेला आकडा मागतोय, आणि म्हातारी नागुबाई खाटेवरून ठणकावतेय, “न्हाई सांगणार! माझ्या लेकानं सांगितलंय, कुणालाच सांगायचं न्हाई!” सिलेंडर दोनदा परत गेलं. विरूची बायको विनीता, तिनं शेजारून शेगडी आणून स्वयंपाक केला आणि नवऱ्याला वाढताना म्हणाली, “घ्या, तुमच्या सुरक्षेची भाकरी. जरा कच्ची हाय.” पण विरूला वाईट वाटण्याऐवजी आईचा अभिमानच वाटला.

हल्ली आवाजाचीही नक्कल करतात हे वाचल्यापासून त्यानं आणखी एक नियम काढला होता. घरच्या माणसाच्या नावानं फोन आला आणि नंबर अनोळखी असला तर घरचा एक प्रश्न विचारायचा. असा, की ज्याचं उत्तर कुठल्याही कागदावर, कुठल्याही कार्यालयात सापडणार नाही. हे त्यानं अक्कालाही मागं सांगितलं होतं. “काय विचारशील?” तिनं हसून विचारलं होतं. “ते आधी सांगितलं तर काय उपयोग? घरच्या माणसाला येतंच,” तो म्हणाला होता.

येतंच! आलं की उत्तर... आणि खरं आलं, म्हणूनच तर पंचाईत झाली!

चूक मुळात महानंदाचीच होती, हे तिनं लुंबिनीताईंपाशी कबूल केलं होतं. चार-पाच दिवसांपूर्वी एक फोन आला. आवाज मोठा अदबशीर. “महानंदा गुरुपादप्पा बोलताय का? भूकंपग्रस्तांच्या यादीची पडताळणी चालू आहे, तुमचं नाव राहून जायला नको म्हणून...” आणि ही पोक्त बाई, जी वसतिगृहातल्या पोरींना अनोळखी माणसाशी बोलाल तर बघा म्हणून दम देते, ती खुर्चीवरून चक्क उठून उभी राहिली! हो, उभी राहिली. कारण किल्लारीच्या बाजूला भूकंपात जी माणसं उघड्यावर आली, त्यांच्या अंगात ही एक सवय कायमची मुरलीय. मदतीचा ट्रक यायचा, फळीवर उभा राहून कुणीतरी नाव पुकारायचा, आणि पुकारलं की तिथल्या तिथं ‘हाय!’ म्हणून ओरडून बापाचं नाव, गाव, घरात गेले किती, उरले किती, सगळं एका दमात सांगावं लागायचं. जो चाचरला त्याचं ब्लँकेट पुढच्याच्या अंगावर. सोळा वर्षांची महानंदा तेव्हा त्या ट्रकामागं कधी चाचरली नाही, म्हणून आई आणि पाच वर्षांचा विरू थंडीत उघडे पडले नाहीत. तीच ती शहाणपणाची सवय... आणि तिनंच घात केला! जन्मतारीख, आधार, आईचं नाव, बँकेत खातं आहे का, कुणाबरोबर आहे... तिनं सगळं सांगितलं, एका दमात. वरून “आणखी काही पाहिजे का, साहेब?” असंही विचारलं.

आज सकाळी तिचा फोन मेला. सिग्नलच येईना. दुकानदारानं तपासून सांगितलं, “बाई, तुमच्या नंबरचं दुसरं सिम कुणीतरी काढलंय. आता तुमचे सगळे मेसेज तिकडं जाणार.” महानंदाच्या पायाखालची जमीन दुसऱ्यांदा हलली. तो नंबर आईच्या आणि तिच्या जोडखात्याला लावलेला होता! गावाकडची जमीन रस्त्यात गेली, तिचा मोबदला त्यात होता. आई त्याला ‘आप्पांची शेवटची कमाई’ म्हणायची. बँकेला फोन केला तर पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, “खाते क्रमांक सांगा, लगेच थांबवते.” आणि पासबुक लातुरात, आईच्या उशाखाली.

म्हणून तिनं लुंबिनीताईंच्या फोनवरून आईला फोन लावला. अनोळखी नंबर पाहून विरूनंच उचलला. बसलेल्या, रडव्या आवाजात ही म्हणाली, “विरू, अक्का बोलतेय, घाई हाय, आईच्या पासबुकावरचा नंबर सांग.” आता तुम्हीच सांगा, भामटा ह्याच्यापेक्षा वेगळं काय बोलतो? विरूनं तिथंच घरचा प्रश्न टाकला, “लहानपणी रात्री माझा हात धरून कोण झोपायचं?”

“परत लावा, ताई. व्हिडिओवर तोंड दाखवा,” लुंबिनीताई म्हणाल्या.

लागलाच नाही. विरूनं लुंबिनीताईंचा नंबर ब्लॉक करून टाकला होता. विनीतानं उचलला नाही; त्या घरात अनोळखी नंबर उचलणं म्हणजे दार उघडं टाकून जत्रेला जाणं. शेवटी लुंबिनीताईंनीच महानंदाच्या हातात पिशवी दिली.

“तुम्ही गाडी गाठा. सिमकंपनीच्या मागं मी लागते. पोरींच्या जेवणाचं बी बघते. निघा.”

किनवटहून गाडी सुटली. सागाची झाडं मागं पडू लागली आणि खिडकीशी बसलेल्या महानंदाला खात्याची चिंता करायची होती, पण मन होतं की पुन्हा पुन्हा भूकंपानंतरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन उभं राहत होतं...

तिघंच उरली होती. पत्र्याच्या भिंतीकडे विरू, मधे आई, आणि दाराकडे ती. पहाटे पाण्याच्या टँकरला रांग लावायची असायची, म्हणून ती दाराशी. विरू झोपेत दचकायचा. “हललं! हललं!” म्हणून किंचाळायचा. आई मधे पडलेली असायची, डोळे उघडे, छताकडे. ती ऐकायची, पण हलायची नाही. आप्पा गेल्यापासून ती कुणाला शिवतच नव्हती... मग महानंदा आईच्या अंगावरून हात लांबवायची, अंधारात विरूचा हात शोधायची आणि धरून ठेवायची. खांदा भरून यायचा, बोटांना मुंग्या यायच्या. पण सोडला की लेकरू पुन्हा दचकायचं. उजाडायच्या आत ती उठून कळशी घेऊन निघून जायची. पुढे विरूचं शिक्षण व्हावं म्हणून तिनं वसतिगृहाची नोकरी धरली, लग्नाचं नाव काढू दिलं नाही, किनवटच्या रानात पोरींमध्ये आयुष्य काढलं. आणि या सगळ्याचा हिशोब तिनं कधी मांडला नाही. का मांडावा? कुठंतरी एक खात्री होती ना मनात, की बाकी काही ठाऊक नसलं तरी तो एक हात त्याला ठाऊक आहे... आणि आज कळलं, की ती एवढीशी जमाही दुसऱ्याच्याच नावावर चढलेली होती!

मुदखेड आलं, गेलं. नांदेडला उतरून तिनं लातूरची एसटी धरली. समोरच्या बाकावर चार पोरं जाड जाड पुस्तकं मांडीवर घेऊन सूत्रं पुटपुटत होती. एवढं पाठ करून काय उपयोग रे बाळांनो, तिच्या मनात आलं, परीक्षक चुकीचं उत्तर धरून बसला असला तर?... आणि स्वतःच्याच या विचाराचं तिला रडता रडता हसू आलं.

दिवेलागणीला ती विरूच्या दारात पोचली, तर विरू पायात बूट, खांद्याला पिशवी, डोक्यात हेल्मेट घालून मोटारसायकलला किक मारत होता. तिला पाहताच गाडी तशीच सोडून तो धावला.

“अक्का! अगं कुठं व्हतीस तू? दुपारपासून फोन लावतोय तुला! आधी रिंग जायची, कोणी उचलायचं नाही, मग बंदच! मी किनवटलाच निघालो व्हतो!”

“मोटारसायकलवर?”

“मग काय विमानानं? तू बरी आहेस ना? आधी सांग, बरी आहेस ना?”

त्यानं तिला आत नेलं. आई खाटेवर बसली होती. लेकीला पाहून तिच्या सुरकुतलेल्या तोंडावर चांदणं पडल्यासारखं झालं. विनीतानं पाणी आणलं, चहा टाकला, आणि महानंदानं तोंड उघडायच्या आत विरूनं आपला पराक्रम सुरू केला.

“अक्का, आज काय झालं माहितंय? तुझ्या नावानं एका बाईनं फोन केला! आवाज हुबेहूब तुझा, थोडा बसलेला. रडली काय, विरू काय, आईच्या खात्याचा नंबर काय! पण मी गाठली तिला. घरचा प्रश्न टाकला, तर चुकली! मग म्हटलं, आई, आता इथंच थांबायचं नाही, ह्या चोरट्यांना खातं ठाऊक झालंय. तिला रिक्षात घातली, बँकेत नेली, आणि खातं थांबवूनच आलो. एक पै गेली नाही!”

महानंदानं डोळे मिटले. सुटकेचा एवढा मोठा निःश्वास निघाला की हातातला पेला हिंदकळला. विश्वासानं जे व्हायला हवं होतं ते भावाच्या संशयानं झालं होतं! आप्पांची कमाई वाचली होती...

“बरं केलंस, विरू. लई बरं केलंस,” ती म्हणाली.

विनीता चहाचा कप पुढं करता करता थांबली. तिनं नणंदेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“अहो... वन्संचा आवाज ऐका की जरा.”

“काय झालं आवाजाला? बसलाय. प्रवासानं...” आणि विरूचं वाक्य तिथंच तुटलं. हेल्मेट अजून डोक्यावरच होतं. ते त्यानं हळूच काढलं. “अक्का... ती... तू होतीस?”

“हो.”

“आणि मी तुला...” त्यानं हेल्मेट खाली ठेवलं. “पण मग... उत्तर का चुकलं, अक्का? तुला ठाऊक नव्हतं? आईनं माझा हात धरल्याशिवाय मी झोपायचो नाही, हे तुला ठाऊक नव्हतं?”

महानंदानं आईकडे पाहिलं. नागुबाई खाटेची कड घट्ट धरून बसली होती, आणि तिच्या नजरेत असं काही होतं, जे महानंदानं आजवर फक्त चोरी करताना सापडलेल्या वसतिगृहातल्या पोरींच्या नजरेत पाहिलं होतं. भीती. विनवणी... एका क्षणात तिला कळलं. आईला ठाऊक होतं! विरू काय समजतो हे आईला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तिनं ते तसंच राहू दिलं होतं!

अरेरे, किती खोल गेला तो घाव! पण त्याच्याही खाली, हृदयाच्या अगदी तळाशी, त्या माउलीची दया आली तिला. ऐंशीला टेकलेली म्हातारी... तिच्याजवळचं हे एवढंसं धन आता काढून घेऊन मी कुठल्या खात्यात टाकू?

ती हसली. तीस वर्षांच्या सरावानं हसली.

“घाबरले होते रे, विरू. तोंडाला येईल ते बोलले. आईचाच हात होता. मी तर दाराकडं झोपायची की, माझा हात तुझ्यापर्यंत कसा पोचंल?”

“हाव, तेच म्हणतो मी...” विरू सैलावत म्हणाला.

“खोटं बोलाय लागली ती!”

खाटेवरून आवाज आला. नागुबाई उठून उभी राहिली होती.

“आई, तू बस...”

“बसत न्हाई! आज गप बसले तर मरताना बी गपच बसावं लागंल. विरू, तिचाच हात व्हता. माझ्या अंगावरनं घालायची ती. मी मधी पडलेली असायचे, माझ्या पोटावरनं जायचा तिचा हात, मला समदं कळायचं. मी तुला शिवत नव्हते रे, लेकरा... तुझा आप्पा मातीत गाडला गेला, हात तेवढा वर व्हता. मी तो हात धरून बसले. गरम व्हता... हाक मारत व्हते, बोटं हालत व्हती... मग गार झाला. माझ्या हातात गार झाला! त्याच्यानंतर तुझा हात बी धरायची भीती वाटायची मला. वाटायचं, धरला की गार व्हईल.”

गॅसवर दूध उतू जात होतं, विनीतानं मागं वळूनही पाहिलं नाही.

“नंदा पहाटं पाण्याला जायची. तू उठायचास अन् मला बिलगून म्हणायचास, आई, रातभर तुझा हात किती गरम व्हता गं! काय सांगू मी तुला? त्या साली आई म्हणून माझ्यापाशी दुसरं काय व्हतं? मी गप ऱ्हायले. मग रोजच गप ऱ्हायले... तू त्या फोनवरच्या चोरांस्नी शिव्या देतोस ना, दुसऱ्याच्या नावावर उचलत्यात म्हणून? तवा मला खाली बघावं लागतं. म्या बी तेच केलं. पोटच्या पोरीची माया माझ्या नावावर उचलली!”

“आई!” महानंदानं धावत जाऊन तिला मिठी मारली. “असं बोलू नको गं! तुझ्या अंगावरूनच गेला ना तो हात? मग तुझाच की तो अर्धा!”

माय-लेकी एकमेकींच्या खांद्यावर रडत राहिल्या. विरू जमिनीवर बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. आणि आयुष्यभर दुसऱ्यांची उत्तरं तपासणाऱ्या त्या माणसाला बहुधा पहिल्यांदाच कळत होतं, की प्रश्न विचारणाराही नापास होऊ शकतो. मग त्यानं मान वर केली.

“अक्का, मी तुला चोर म्हणालो गं.”

“देव बी म्हणालास की! पोलिसात द्यायच्या आधी.”

विनीता फिस्सकन हसली, मग आई हसली, आणि मग विरूही, नाक पुसत, लहान पोरासारखा.

दुसऱ्या दिवशी बँकेचं, सिमचं, तक्रारीचं सगळं आटोपून महानंदा परत निघाली. विरूनं आदल्या रात्रीपासून एकच धोशा लावला होता, आता किनवट सोड, इथंच राहा. “माझ्या पोरींच्या परीक्षा हायत. सुट्टीत येते की,” म्हणून तिनं त्याला गप्प केलं. बसस्थानकावर तो पिशवी घेऊन खिडकीपर्यंत आला. केळी दिली, पाण्याची बाटली दिली, नवा नंबर तिसऱ्यांदा वाचून घेतला, तरी जाईना. इंजिन सुरू झालं तेव्हा तो खिडकीच्या गजांना धरून एकदम म्हणाला,

“अक्का... दाराकडं थंडी वाजायची का गं तुला?”

‘छे रे, कशाची थंडी!’ हे उत्तर तिच्या ओठांवर तयारच होतं. आईला, विरूला, सगळ्या जगाला तिनं जन्मभर तेच तर दिलं होतं. पण खिडकीखाली उभ्या असलेल्या, कानशिलावर पांढरे केस आलेल्या त्या भावाचे डोळे तिनं पाहिले, आणि ते उत्तर तिनं मागं घेतलं.

“वाजायची रे विरू,” ती म्हणाली. “लई वाजायची.”